माझ्याच तक्रारीवरून बंद झालेली कडक बिअर पुन्हा सुरू होण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
मद्य परवाना व तपासणी कार्यालय,
चाकण विभाग.

विषय : कुरुळी येथील कारखान्यातील आठ टक्के मद्यांशाच्या बिअरचे उत्पादन पूर्ववत सुरू करणेबाबत.

संदर्भ : सदर बिअर कायमची बंद करणेबाबत माझाच मागील वर्षीचा अर्ज.

महोदय,

मी खाली सही करणार, सौ. कौशल्याबाई दौलतराव कड, वय ५८, राहणार कुरुळी, व्यवसाय दूध, महिला बचत गटाची अध्यक्ष. संदर्भ वाचून आपला गोंधळ होणे साहजिक आहे. तरी सर्व हकीकत क्रमाने सादर करते.

१) आमच्या गावच्या शिवेवर प्रीतम नावाच्या तरुणाने एका शेडमध्ये बिअरचा लहान कारखाना काढला आहे. तो तिला 'क्राफ्ट बिअर' म्हणतो, म्हणजे थोडी थोडी, स्वतः लक्ष घालून केलेली. आमच्या गटाने मागील अर्जात तिला 'हातभट्टी' असे संबोधले होते. तो शब्द मी या अर्जाद्वारे मागे घेते.

२) मागील अर्ज विनाकारण केलेला नव्हता. ज्योतीराम नावाचा जवळच्या एका कंपनीतील कामगार पहिल्या शिफ्टहून सुटल्यावर, नेहमीची बिअर समजून ही कडक बिअर दोन बाटल्या प्याला आणि आमच्या गोठ्यात शिरून दावणीत झोपला. संध्याकाळी धारेला गेले तेव्हा आमची मोठी म्हैस त्याचा कंपनीचा शर्ट चघळत होती. त्याला उठवले असता तो मला "सुपरवायझर साहेब, पाच मिनिटं द्या" असे म्हणाला. दुसऱ्याच दिवशी गटातील एक्केचाळीस महिलांच्या सह्यांनिशी मी आपल्याकडे अर्ज दिला.

३) त्यानंतर अकरा महिने आपल्या कार्यालयाकडून काहीच न कळल्याने अर्ज गहाळ झाला असावा असे मी धरून चालले.

४) दरम्यान माझे पती दौलतराव यांनी म्हशींसाठी ओला भुसा आणण्यास सुरुवात केली. कुठला म्हणून विचारले तर "कंपनीचा हाय" एवढेच सांगितले. आमच्या भागात सगळेच कंपनीचे असते, त्यामुळे मीही पुढे विचारले नाही. सात म्हशींचे दूध बत्तीस लिटरवरून पन्नासवर गेले. आसपासची गायराने आणि राने कारखान्यांखाली गेल्यापासून हिरवा चारा मिळत नाही, त्यामुळे गटातील आणखी अकरा जणींनी तोच भुसा लावला. तो प्रीतमच्या कारखान्यातील जवाचा भुसा आहे हे मला चार महिन्यांनी समजले. मी दौलतरावांशी दोन दिवस बोलले नाही. भुसा मात्र बंद केला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

५) आपल्या मनात येणारी शंका पशुवैद्यकांनी दूर केली आहे. बिअरमध्ये नशा तयार होण्याआधीच हा भुसा गाळून बाजूला काढतात. आमच्या म्हशी पूर्ण शुद्धीत आहेत.

६) या जूनमध्ये भुसा एकदम तिसऱ्या हिश्शावर आला आणि दूध घसरले. मी स्वतः कारखान्यात गेले. प्रीतम म्हणाला, "काकू, कडक बिअरला धान्य जास्त लागतं, म्हणून भुसाही जास्त निघायचा. चौकशी होईपर्यंत ती बंद ठेवायला सांगितलीय. कुणाचा तरी अर्ज आहे." अर्ज कुणाचा, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

७) मग मी आपल्या कार्यालयात आले. खिडकीवरील लिपिकांनी फाईल पाहून सांगितले, "तक्रारदारानं लेखी माघार घेतली तरच काही होईल. पण त्या बाई ऐकायच्या नाहीत. फार कडक आहेत म्हणे." मी "असतील" असे म्हणून रिक्षा धरली.

८) गटाची बैठक घेतली व सर्व कबूल केले. आमच्या अंबूबाईंचे मालक दारूपायी गेले. गावातले दारूचे दुकान बंद पाडताना त्या सर्वांत पुढे होत्या. त्या म्हणाल्या, "म्हशीसाठी बाटली चालू करायची, तर आपुन इतकी वर्सं कशाला भांडलो?" अंबूबाईंच्या गोठ्यातही दोन म्हशी आहेत व त्यांनाही तोच भुसा आहे, पण हे कोणी बोलून दाखवले नाही. शेवटी त्यांनीच पुढील अटी सांगितल्या आणि ठरावावर सर्वांत आधी अंगठा दिला.

तरी आमची मागणी अशी आहे की,

अ) कडक बिअर बनवण्यास तात्काळ परवानगी मिळावी.

ब) ती शहराकडे रावेत, थेरगाव व त्यापलीकडे, जिथे लोक हौसेने विकत घेतात, तिथे मुबलक उपलब्ध व्हावी. कुरुळी हद्दीत मात्र एकही बाटली विकू नये. आमच्या गावात फक्त भुसा राहावा.

क) बाटलीवर 'आठ टक्के' हे आकडे लांबून वाचता येतील एवढे मोठे असावेत. ज्याला प्यायची आहे त्याने ती काय आहे हे जाणून प्यावी व आपल्या घरी झोपावे.

९) हा अर्ज आपल्याकडे देण्यापूर्वी मी काल प्रीतमकडे गेले. ती तक्रार मीच केली होती, हे त्याला तोंडावर सांगितले. तो म्हणाला, "माहीत होतं, काकू. नोटिशीला तुमच्या अर्जाची प्रत जोडलेली होती." नोटीस आल्यापासून दोन महिने त्याची कडक बिअर बंद आहे. आहे तेवढा भुसा तो रोज न चुकता आमच्या गोठ्यावर पोहोचवत आला आहे. मी त्याला विचारले, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, "म्हशींनी थोडीच सही केली होती."

महोदय, माझ्या पहिल्या अर्जावर आपण अकरा महिने घेतले. या अर्जाला एवढा वेळ लागू नये, एवढीच विनंती.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
पूर्वीची तक्रारदार व आताची अर्जदार,

(सही)
सौ. कौशल्याबाई दौलतराव कड
कुरुळी, ता. खेड, जि. पुणे
दिनांक : १२ ऑगस्ट २०२५

सोबत :
१. पशुवैद्यकांचे पत्र.
२. महिला बचत गटाचा ठराव, चाळीस सह्या व एक अंगठा.