आईला घरी न्यायचं होतं

अण्णा, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. आता तुमच्यावर रागवू नये, हे कळतं. तरी थोडं रागावून घेतो, कारण हा घोटाळा मुळात तुमचा आहे.

दिवाळीपासून आई म्हणते आहे, "मला घरी ने." म्हणते कुठे, तर आपल्याच स्वयंपाकघरात, जिथे तिनं चाळीस वर्षं पोळ्या लाटल्या. "आई, हेच आपलं घर." "हे नव्हे रे. आमचं घर." शाळेत संस्कृत शिकवताना मी मुलांकडून गृह, सदन, निकेतन, निलय असे घराचे सगळे प्रतिशब्द पाठ करून घेतो, तिला त्यातलं कोणतं हवं आहे, ते मात्र मला कळेना. मग तुम्ही आठवलात. इथे नाशकात अंबडच्या कारखान्यात जन्म काढलात, पण या घराला कधी घर म्हणाला नाहीत. "ही नोकरीपुरती खोली. घर आपलं कोकणात." वरचा मजला चढवला तेव्हाही ओल्या स्लॅबखाली उभे राहून हेच म्हणालात, आणि मिस्त्री माझ्याकडे असा बघत राहिला की जणू पैसे बुडणार. आई लग्न होऊन कोकणातच उतरली होती, दोन वर्षं राहिली होती. म्हटलं, हेच असणार. गाडी ठरवली आणि निघालो.

गावात तुमचं घर नाही, अण्णा. जोतं आहे, त्यावर सुपारी वाळत घातलेली असते. शेजारी चुलतभावानं बंगला बांधलाय. आई सगळीकडे नीट फिरली, आणि शेवटी त्याला म्हणाली, "छान आहे हो तुमचं गाव." तीन दिवस रोज जेवणं झाली की पिशवी घेऊन ओटीवर येऊन बसायची. "चला, निघू या." वहिनी म्हणायची, "काकू, आत्ता कुठे? आलात तशा चार दिवस राहा की." आई फक्त पिशवीचे बंद आवळायची.

शेवटी चुलतभाऊ म्हणाला, देवाला कौल लावू. देवाच्या अंगावर गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तर्कशास्त्राच्या चार पोथ्या चाळलेला तुमचा मुलगा एका पाकळीकडे डोळे लावून उभा राहिला. बघायला तुम्ही हवे होतात. गुरव म्हणाला, "बा महाराजा, तुझी लेकरं नाशकाहून तुझ्या पायाशी आली. माउलीचा जीव कुठं रमत नाय. हिला हितं ठेवावी असं तुझ्या मनात असेल तर उजवी दे." पाकळी हलेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग आईच पुढे झाली. "अहो गुरवदादा, लवकर आटपा. पहिली पाळी सुटेल. हे चारला येतात. कुलूप दिसलं तर पायरीवर बसून राहतील बिचारे."

गुरवाचे हात जोडलेलेच राहिले. चुलतभाऊ "काकू, अण्णा तर..." म्हणायला लागला, मी त्याचा दंड धरला.

तिचं घर म्हणजे चारला दहा कमी असतानाचं आपलं स्वयंपाकघर. कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न देते, आई आधण ठेवते, तुम्ही मोरीत धुण्याच्या पावडरीनं हाताचं ग्रीस काढत तिथूनच विचारता, "पंडित, देवांशी बोलता येतं, रॉकेलवाल्याशी कधी बोलणार?" आई हसते. मी चिडून मान आणखी खाली घालतो आणि शब्दरूपं घोकतो. एकदा तरी मान वर करून बघायला हवं होतं. तिला पोहोचवायचं ते तिथे, आणि तिथे कुठलीच गाडी जात नाही.

परत आलो. साडेतीन वाजले की ती दारात, ती मी शाळेतून येईपर्यंत. पहिल्यांदा मी खरं सांगितलं, अण्णा गेले. ती रडली, आत्ताच कळल्यासारखी. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, पुन्हा तितकीच रडली. तिसऱ्या दिवशी म्हणालो, ओव्हरटाइम आहे. "सांगून जायला काय होतं ह्यांना?" म्हणून ती तुमच्यावर भडकली. तेवढं तुम्ही सोसा.

काल मी शाळेतून लवकर, चारलाच आलो. दारातच म्हणाली, "आलात? किती हो उशीर." मी मागे वळून पाहिलं, कोणी नव्हतं. तिनं माझ्यापुढे चहा ठेवला, समोर बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही त्याला पंडित म्हणून चिडवत जाऊ नका. तो बोलत नाही, पण त्याला लागतं."

"बरं," म्हणालो. "नाही चिडवणार."

तुम्हाला न विचारता तुमच्या वतीनं शब्द देऊन बसलो. काल संध्याकाळी तिनं घरी जायचं नाव काढलं नाही.

हे पत्र वहीतच राहील, पाठवायचं कुठे? पण एक कबूल करतो. आजही मी शेवटचे दोन तास बुडवणार आहे. मुख्याध्यापकांना दाढ दुखते म्हणून सांगितलंय.