डाव्या हाताचे बोट

आई, मंगळवारी मी हिरडीत औषध भरून घेतले. डावीकडच्या शेवटच्या दाढेपाशी सहा मिलिमीटर खोल फट झाली आहे. डॉक्टरांनी ती आतून खरवडून साफ केली आणि बोथट सुईने तिच्यात प्रतिजैविकाचे जेल सोडले. डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची. मास्कआडून तिने विचारले, "काका, मिश्री कधीपास्नं लावताय?"

"आयुष्यात कधी लावलेली नाही."

"मग ह्यो वास कुणाचा म्हणायचा? खरं सांगा की. दहा दिवस तिथं बोट लावायचं न्हाय. औषध टिकलं न्हाय तर दाढ काढावी लागंल."

तो वास मी ओळखला होता. तू तव्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजायचीस, तेव्हाचा. उजवा हात भाकरीचा, म्हणून तू मिश्री नेहमी डाव्या तर्जनीने लावायचीस. तुझे दात हलू लागले, तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात होतो. एके दिवशी तुला न विचारता तुझी पितळी डबी पंचगंगेत टाकून आलो. परातीवरची मान वर न करता तू म्हणालीस, "टाकलीस व्हय? टाक की. डबी गेली म्हणून बोट ऱ्हातंय व्हय, लेका? ते आपलं तोंड हुडकतंय." मी हसलो होतो. शेवटच्या दिवसांत तुला माझी ओळख उरली नव्हती. पण ते बोट दात नसलेल्या हिरड्यांवर फिरत होते. मी हात धरून खाली ठेवायचो. तो पुन्हा वर जायचा.

मी उजव्या हाताचा माणूस आहे. तरीही बुधवारी जाग आली तेव्हा माझी डावी तर्जनी तोंडात होती, त्याच दाढेवर सावकाश फिरत. गुरुवारीही तेच. त्या रात्री बोटाला चिकटपट्टी गुंडाळून झोपलो. शुक्रवारी सकाळी ती उशाशी होती, नीट घडी घातलेली. आज नखाखाली काळे दिसते आहे. घरात तंबाखू नाही. मघाशी बायकोने स्वयंपाकघरातून विचारले, "अहो, सकाळी सकाळी काय भाजलंय?" तवा कोरडा, थंड होता.

डॉक्टरांनी पुन्हा विचारले, तर मी पुन्हा नाहीच म्हणेन, आणि ते खरेही असेल. हे पत्र कुठेही जाणार नाही. फक्त एक गोष्ट तुझ्यापाशी मान्य करतो. आज जाग आल्यावर, दाढ जाईल हे ठाऊक असूनही, मी ते बोट लगेच बाहेर काढले नाही.