ओल्या ब्रेकची नोंद

नवीन जालना
शनिवार, २२ मे २००४

प्रिय सत्यशीला,

एक्याऐंशीच्या जानेवारीत आपण हुरडा खायला अंतरवालीला निघालो होतो, ते तुला आठवतं का गं? जुन्या पेट्रोल जीपमध्ये मागच्या फळ्यांवर आपण दोघी समोरासमोर. तुझ्या बाजूचं दार नीट लागत नव्हतं म्हणून ते तू सगळा रस्ता पदराला पीळ देऊन ओढून धरलं होतंस. अंबडच्या पुढे बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. वसंतरावांनी खाली उतरून आपली प्यायच्या पाण्याची कळशी उचलली आणि सगळी रेडिएटरमध्ये रिकामी केली. तू चिडलीस तेव्हा रखमाजी ड्रायव्हर हसून म्हणाला, "ताईसाहेब, आधी हिला पाजू द्या. मानसं रुसली तरी चालत्यात, ही रुसली तर चालत जावं लागंल." दुपारपर्यंत आपल्याला पाणी मिळालं नाही. हुरडा घशाखाली उतरेना आणि आपण हसत होतो. तुझे वसंतराव आणि माझा नवरा म्हणजे तुझे थोरले भाऊ अण्णा, दोघं त्या जीपवर भावंडासारखं प्रेम करायचे.

अठरा वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही आणि आता अशी सुरुवात करते आहे, तर तुला वाटेल वहिनीला काहीतरी झालंय. मला काही झालेलं नाही. तुझे अण्णा बाहेरच्या खोलीत पेपर वाचताहेत. पान उलटल्याचा आवाज आला नाही की मी लिहायची थांबते आणि दाराकडे बघते. कमरेचं दुखणं आहेच, पण काठी घेऊन अजून ते रोज ऑफिसात जाऊन येतात. आपली बियाण्याची कंपनी आता धर्मराज बघतो. तू गेलीस तेव्हा तो कॉलेजात होता, आता त्याच्या कानांवर पांढरे केस आलेत. दीड वाजता तो जेवायला येईल. स्टेशनजवळचं कुरियरचं ऑफिस शनिवारी एक वाजता बंद होतं. त्याच्या आधी मला हे लिहून संपवायचं आहे.

धर्मराजनं बियाण्याच्या प्लॉटवर फिरायला परदेशातून दोन गाड्या मागवल्या आहेत. बुटक्या, रुंद टायरांच्या, मागे उघडा हौदा, दोन माणसं बसतील एवढ्याच. एक लाल, एक हिरवी. दोन्ही दहा दिवस चालवून बघितल्या. लाल गाडी वेगानं जाते, अरुंद बांधावर वळते, पण भरली की चढावर धापा टाकते. हिरवी पाच पोती घेऊनही नांगरलेल्या रानातून सरळ निघते, डिझेलही कमी खाते. हे सगळं त्यानं कॉम्प्युटरवर रकाने करून छापलं आहे आणि परवा रात्री जेवताना मला कौतुकानं दाखवलं. हिरव्या गाडीला जास्त गुण मिळाले आहेत. तशा आठ गाड्यांच्या ऑर्डरवर सोमवारी सह्या होणार. मी विचारलं, ब्रेकचं काय केलंस? तो म्हणाला, टँकरनं पाणी मारून चिखल केला आणि त्यात बघितलं, उत्तम लागतात. मे महिन्यात टँकरनं चिखल! आपली काळी जमीन वर चार बोटं भिजली आणि खाली दगडासारखी टणक राहिली, त्याला हा चिखल म्हणतो. ऑगस्टमध्ये हीच माती चाकाला थरावर थर चढते आणि ओढ्याचं पाणी गढूळ होऊन ब्रेकच्या ड्रममध्ये शिरतं, ते मी त्याला सांगायला लागले तर तो हसला. "आई, तुझा काळ जीपचा होता," म्हणाला. त्याच्या गाड्यांवर जे बसतील ती तिशीच्या आतली पोरं आहेत. दोघांची नुकतीच लग्नं झालीत.

हे सगळं खरोखर नीट करून बघून जिच्यात लिहिलं होतं अशी एक वही तुझ्या घरात होती, हे तुला माहीत आहे. पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात डीलरनं आपल्याला एक नवी डिझेल गाडी तीन महिने वापरायला दिली होती. ती लांब होती, जड होती, तिला गादीच्या सीटा होत्या. वसंतराव एक दिवस तिला आणि एक दिवस जुन्या जीपला एकाच वाटेनं न्यायचे, अंबड, अंतरवाली, शहागड आणि परत. मालही सारखाच भरायचे. कुठली कितीदा रुतली, बाहेर काढायला पऱ्हाट्यांच्या किती पेंढ्या चाकाखाली घालाव्या लागल्या, सकाळी कितव्या झटक्याला सुरू झाली, सगळं त्यांनी रोज गाडीतच बसून लिहिलं. तू त्यांना चिडवायचीस की हे तर गाड्यांची सोयरीक जमवायला निघालेत, पत्रिका बघताहेत. त्या वहीत दोन्ही गाड्यांना न्याय होता. जुनी दर आठवड्याला काहीतरी मोडून ठेवायची, तेही त्यात होतं. नवी एकदाही सुरू व्हायची राहिली नाही, तेही होतं.

हैदराबादची कंपनी आपल्याबरोबर भागीदारीत येणार होती आणि नवी गाडी घ्यायची की नाही ते ठरवायला त्यांना हा अहवाल इंग्रजीत पाहिजे होता. घरात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी एकटी. म्हणून ती वही माझ्याकडे आली. मी आठ दिवस टाइप करत होते. तेव्हा तुझ्या अण्णांची कंबर किती वाईट झाली होती ते तू बघितलं आहेस. जीपमधून आले की रखमाजी आणि मी दोघं मिळून त्यांना उतरवत असू. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून दोन वर्षं त्या जीपमध्ये बसलात तर पुढं चालणं विसरा. आणि एका संध्याकाळी ते त्या नव्या गाडीतून अंबडहून आले आणि कमरेला हात न लावता एकटे उतरले. अंगणात उभं राहून त्यांनी मला चहा मागितला. मी आत गेले आणि पुन्हा मशीनसमोर बसले. त्या वेळी माझ्या पुढ्यात चौदा ऑगस्टचं पान उघडं होतं.

ते पान मी तुला जसंच्या तसं उतरवून देते. "अंतरवालीचा ओढा. नवी गाडी, सहा पोती. पाण्यातून निघून चढ चढली, पलीकडच्या उतारावर ब्रेक दाबला, धरला नाही. दीडशे पावलं तशीच गेली, बांधाला घासून थांबली. जुनी जीप त्याच जागी तिसऱ्या दाबाला धरते. असं आजवर चार वेळा झालं. पावसाळ्यात नवी गाडी भरून ह्या वाटेनं पाठवू नये." माझ्या इंग्रजी कागदावर ह्याचे दोन शब्द झाले: ब्रेक्स सॅटिस्फॅक्टरी. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं, सत्यशीला. तुझ्या अण्णांना आजही ते पान माहीत नाही. वसंतराव सहीला आले तेव्हा मी कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि मनात म्हटलं, यांनी विचारलं तर सांगेन. ते पेनाचं टोपण काढत म्हणाले, "वहिनी, तुम्ही लिहिलंय म्हंजे बराबरच आसंल." आणि सहा पानांवर सहा सह्या केल्या.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये काय झालं ते तुला सांगायला नको. रखमाजीनं चढावर चिखल बघून प्लॉटवरच्या सगळ्या बायकांना खाली उतरवलं, चालत या म्हणाला, म्हणून त्या वाचल्या. पलीकडच्या उतारावर नव्या गाडीचा ब्रेक धरला नाही. तो एकटा तिच्याखाली गेला. चौथ्या दिवशी ऑफिसात तुझ्या अण्णांनी तो इंग्रजी अहवाल सगळ्यांसमोर वाचला आणि वसंतरावांना विचारलं, ही सही तुमचीच ना? तू तिथं नव्हतीस. वसंतराव म्हणाले, मी ब्रेकचं लिहिलं होतं, वहीत आहे. मग ते माझ्याकडे वळले. "वहिनी, ती वही तुमच्याकडं ऱ्हायली न्हाई का?" वही माझ्या कपाटात, घोंगड्यांच्या खाली होती. मी म्हणाले, "मी परत दिली होती."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्याकडे बघतच तुझ्या अण्णांना म्हणाले, "माझ्याकडूनच हरवली आसंल." त्यांना कळलं होतं. मला हे इतकी वर्षं पक्कं माहीत आहे. त्यांनी तुला काय सांगितलं, काहीच सांगितलं नाही का, ते मला माहीत नाही. महिन्याभरात तुम्ही परभणीला गेलात. ज्या माणसाला मराठवाड्यातला प्रत्येक प्लॉट तोंडपाठ होता त्यानं पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं. दिवाळीत तुझं पत्र आलं, वहिनी, तुम्ही तरी यांच्या बाजूनं दोन शब्द बोला. ते मी न्हाणीघरात उभं राहून वाचलं आणि बंबात घातलं. भाऊबीजेला तुझ्या अण्णांनी ताट करायला लावलं, दुपारी तीनपर्यंत वाट बघितली, आणि तू आली नाहीस तेव्हा म्हणाले, "नवरा चुकला, त्याची शिक्षा मला देते." मी ताट उचलून आत नेलं.

पुष्कळदा ठरवलं. रखमाजीचं तेरावं होऊ दे, धर्मराजची परीक्षा होऊ दे, यांचं ऑपरेशन होऊ दे. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची की आपल्या कमरेसाठी रखमाजी गेला हे कळल्यावर हे पुन्हा त्या गाडीतच काय, माझ्या शेजारीही बसणार नाहीत. आता ती भीती कमी झाली असंही नाही. आत्ता लिहितानाही बाहेर काठी वाजली आणि मी वहीवर उशी ठेवली. ते फक्त पाणी प्यायला उठले होते.

धर्मराज माझं सांगणं ऐकणार नाही. चौदा ऑगस्टचं पान तो वाचेल, कारण त्याला कागदावरचं पटतं. पण ते दाखवायचं तर वही इतकी वर्षं कुठं होती हेही सांगावं लागेल, त्याला आणि त्याच्या वडिलांना, एकाच टेबलावर. काल रात्री ते धाडस माझ्यात होतं, सकाळी उठले तर नव्हतं. म्हणून हे पत्र. एकदा ते कुरियरवाल्याच्या हातात गेलं की सोमवारी तुझ्या घरात सगळं कळलेलं असेल आणि मला इथं गप्प बसता येणार नाही. क्षमा मागायला मी लिहीत नाही. ह्या पाकिटात मूळ वही आहे, ती वसंतरावांच्या हातात दे. तिच्यावर आधी त्यांचं नाव आहे, मग दुसऱ्या कुणाचंही. त्यांना काही बोलायचं नसेल तर आग्रह करू नकोस. तुझं दिवाळीचं पत्र माझ्याकडे राहिलेलं नाही, त्याचं उत्तर म्हणून हे तू ठेव. काल मी वहीच्या तीन झेरॉक्स काढून आणल्या. एक धर्मराजच्या छापलेल्या रकान्यांवर ठेवणार, सह्यांच्या आधी. दुसरी तुझ्या अण्णांच्या ताटाजवळ, आज दीड वाजता. जुनी जीप शेडमध्ये आहे, इंजिन बसलंय पण सुटे भाग सगळे आहेत. तिच्यावर आमचा कुणाचा हक्क नाही, वसंतरावांना हवी असेल तर ट्रक पाठवून घेऊन जावी. तिसरी झेरॉक्स रखमाजीच्या बायकोची, चांगुणाबाईची. तिला वाचता येत नाही, म्हणून शहागडला जाऊन ते पान तिला मी वाचून दाखवणार आहे. तुम्ही कुणी माझ्याबरोबर येऊ नका आणि ते काम दुसऱ्या कुणाला देऊ नका.

तुला पटेल तोवर तुझीच वहिनी,
उषा