संत रोकेला कबूल केलेलं वजन

सोब्रेडाल,
२० जुलै

तीर्थरूप आदेरितोदादास,

धाकट्या बेलमीरोचा नमस्कार पोचावा. तुझा गुडघा कसा आहे? लक्झेंबर्गच्या गारठ्यात फरशा बसवताना गुडघ्याखाली उशी घेत जा, असं आई असती तर तिनं लिहिलं असतं; ती नाही, म्हणून मी लिहितो. ओदेतेवहिनींचा खोकला एव्हाना गेला असेलच. तिकडचा पाव इतका हलका असतो की हातात धरलाय हेच हाताला कळत नाही, असं तू नाताळात म्हणाला होतास. ते मला अधूनमधून आठवतं आणि वाईट वाटतं. तू आलास की पहिल्या दिवशीच मक्याचा जाड पाव काढून ठेवीन. इथे सगळं ठीक आहे. द्राक्षं यंदा चांगली धरली आहेत, फादर अन्सेल्मोंना नवा चष्मा आला आहे (त्यातूनही त्यांना दिसत नाही), आणि पावाची गाडी एप्रिलपासून बंद पडली आहे. झेफेरीनो मेकॅनिक म्हणतो की कसलासा भाग लिस्बनहून यायचा आहे. देओलिंदाची तब्येत चांगली आहे. हे शेवटचं वाक्य लिहिण्याआधी मी क्रूसाची खूण केली, आणि लिहिल्यावर पुन्हा केली.

आता पत्राचं कारण. जानेवारीत देओलिंदाचं ऑपरेशन झालं ते तुला माहीत आहे, पण पित्ताचे खडे होते असं मी तुला फोनवर सांगितलं ते खरं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला दवाखान्याच्या ओसरीत बोलावून सांगितलं होतं की पोटात गाठ आहे, ती काढायची, आणि काढल्यावर काय ते कळेल. मी खोलीत परत गेलो आणि देओलिंदाला म्हणालो, "खडे आहेत." एवढं मोठं खोटं मी आजवर बोललेलो नाही (शाळेत सेन्योर लिबानियोंच्या घड्याळाबद्दल बोललो होतो, पण तेव्हा तूही सामील होतास). मग बाहेर आलो. समोर कॉफीचं यंत्र होतं. देव्हारा नव्हता, मूर्ती नव्हती, तेव्हा त्या यंत्राकडेच तोंड करून मी टोपी काढली आणि संत रोकेला म्हणालो की तुझ्या पायाशी कुत्रा तोंडात पाव धरून उभा असतो आणि मी पाववाला, म्हणजे आपली ओळख जुनी. हिला घरी येऊ दे, तुझ्या जत्रेला मी तराजूत बसून माझ्या वजनाएवढा गहू देईन. संताला आकडा नेमका कळावा म्हणून तिथल्याच काट्यावर उभा राहिलो. एकशे एकवीस किलो. परिचारिका ओरडली, "अहो, तो काटा पेशंटांचा आहे!" मी म्हटलं, "बाई, मी तरी कुठे धडधाकट दिसतो?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बसायला खुर्ची पुढे केली.

देओलिंदा घरी आली. महिन्याभरात तिनं अंगणातल्या कोबीला पाणी घातलं आणि शेजारच्या पालमिरेशी कुंपणावरून भांडली, तेव्हा मला कळलं की संतानं ऐकलं. फक्त एक पुढची तपासणी राहिली आहे. ती अठरा ऑगस्टला. जत्रा सोळाला. तपासणीची तारीख दवाखान्यातल्या यंत्रानं ठरवली असं म्हणतात. मला तसं वाटत नाही.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग मार्चमध्ये तिनं मलाच तपासायला नेलं. यकृतावर चरबी निघाली, साखर काठावर. घरी येऊन देओलिंदानं डुकराच्या चरबीची बरणी कपाटातून काढली, पालमिरेला देऊन टाकली (भांडण मिटल्याचं हेच एक फळ), आणि म्हणाली, "अरे माणसा, मी त्या अंथरुणातून उठले ती तुला पुरायला नव्हे." दुसऱ्या दिवशी आम्ही औषधांच्या दुकानात इवोनेबाईंसमोर उभे. तू ओळखतोसच त्यांना. त्या औषध विकतानाही गिऱ्हाइकाला रागावतात. त्यांनी फळीवरून तीन खोकी काढली. हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या, कार्निटीन नावाची पूड भरलेल्या गोळ्या, आणि आर्टिचोक या काटेरी भाजीच्या रसाच्या काचेच्या कुप्या, ज्यांची मान मोडून कडू रस प्यायचा. मला कळावं म्हणून त्यांनी ते माझ्या धंद्यात बसवून सांगितलं. "बेलमीरो, तुझ्या अंगावर लाकडाची वखार आहे आणि आतली भट्टी मंद आहे. हा कार्निटीन म्हणजे लाकूड भट्टीपर्यंत वाहून नेणारा हमाल, असं खोक्यावर लिहिलंय. मी त्याला काम करताना पाहिलेलं नाही. हिरवा चहा म्हणजे फुंकणी. फुंकणीनं निखारा जरासा फुलतो, बास. तू बसून राहिलास आणि रोज नवी मोळी आत टाकलीस, तर मला येऊन विचारायचं नाही." देओलिंदा म्हणाली, "मोळीचं मी बघते." माझ्या डोक्यात त्या घटकेला एकच गोष्ट आली होती, आणि ती म्हणजे तराजू.

तू बरीच वर्षं जत्रेला फक्त संध्याकाळी, बँड वाजायला लागल्यावर येतोस, म्हणून आठवण करून देतो. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात पोती. दांडा अगदी आडवा, सरळ थांबला की घंटा वाजते. आणि घंटा वाजल्याशिवाय नवस फिटत नाही. मी एकशे एकवीस कबूल केले, आणि इथे माझीच बायको मला घरात बसून कमी करते आहे. ईस्टरला मी एकशे अठरा होतो. मे अखेरीला एकशे चौदा. आज पिठाच्या काट्यावर एकशे नऊ. बारा किलो, दादा! लोक म्हणतात, "बेलमीरो, काय छान दिसतोस," आणि मी टोपी पुढे ओढून पुढच्या दारी निघतो. कारण मला वाटतं, हे जे माझ्या अंगावरून जातं आहे ते संताचं आहे. आणि संतानं हिशेब मागायचं ठरवलंच तर तो माझ्याकडे मागणार नाही, हिच्याकडे मागेल, अठरा तारखेला. मला माहीत आहे की संत असे नसतात. फादरही तेच म्हणतात. पण पहाटे कणीक तिंबताना माणूस एकटा असतो, आणि एकट्या माणसाला जे माहीत असतं ते पुरत नाही.

तेव्हा मी उपाय सुरू केले. आधी गोळ्या गिळायचं बंद केलं. जिभेखाली धरायची, देओलिंदा वळली की कोंबडीच्या पिंजऱ्यात टाकायची (कोंबड्या नेहमीसारख्याच आहेत, फक्त तांबडी जरा जास्त चालते असं मला वाटतं). आर्टिचोकचा रस जिरेनियमच्या कुंडीत. चार दिवसांनी वजन केलं तर आणखी पाऊण किलो कमी! म्हणजे आधी घेतलेल्या गोळ्या अंगात दडून अजून काम करत होत्या. इतक्या जहाल वस्तू इवोनेबाई काउंटरवर उघड्या ठेवतात कशा, कळत नाही. मग मी खायला लागलो. गाडी बंद असल्यामुळे पाव मी एप्रिलपासून पाटीतून पायीच पोचवतो, वरच्या आळीपासून नदीकाठच्या गिरणीपर्यंत आणि परत चढून देवळापर्यंत, रोज दोन फेऱ्या. वाटेत खानावळीत थांबून सॉसेजचे चार तुकडे, पालमिरेकडे आपल्याच बरणीतल्या चरबीत तळलेले बटाटे. पालमिरा म्हणते, "खा बाबा, मी कुण्णाला सांगायची नाही," आणि ती असं म्हणाली की मला जास्तच भीती वाटते. एवढं खाऊनही काटा खालीच. शेवटी घाबरून गोळ्या पुन्हा सुरू केल्या, कारण कमी व्हायचंच असेल तर निदान बायकोशी खोटं बोलून तरी होऊ नये.

फादर अन्सेल्मोंकडे गेलो. ते म्हणाले, "बेलमीरो, एकशे एकवीस किलो गहू दे आणि मोकळा हो." मी म्हटलं, "फादर, मी तेवढा गहू ठेवला आणि पारड्यात बसलो एकशे नऊ, तर दांडा तिरपा राहील. घंटा कोण वाजवणार?" ते म्हणाले, "मग एकशे नऊ दे." मी म्हटलं, "आणि उरलेले बारा?" त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "तुझ्या बापानंही मला असंच छळलं होतं, गाढवाच्या नवसावरून."

त्यानंतर जे केलं ते लिहायला लाज वाटते. आजोबांचा मेंढीच्या कातड्याचा जाड कोट माळ्यावरून काढला, खिशांत मधाच्या बरण्या घातल्या, आतल्या अस्तरात भट्टीच्या विटा, आणि भर दुपारी दुकानाचं दार लोटून पिठाच्या काट्यावर चढलो. एकशे वीस आणि वर थोडं! क्षणभर इतका आनंद झाला की मी उडी मारली. डाव्या खिशातली बरणी फुटली. मध विजारीतून बुटात उतरला, आणि त्याच वेळी पालमिरा पाव न्यायला आत आली. "काय रे बेलमीरो, बर्फ पडणार आहे की काय?" मी म्हटलं, थंडी वाजते आहे. बाहेर छत्तीस अंश. तिच्यामागून मधमाश्या आल्या. मी त्या कोटात, त्या विटांसकट, नदीपर्यंत धावलो. परत येऊन वजन केलं तर अर्धा किलो आणखी गेलेला. पाण्यात बसलो होतो तेव्हा मला वाटलं, संताला विटा घालून फसवणाऱ्या माणसाचं आणखी काय व्हायचं?

असो. तुला एवढ्या लांब काळजीत टाकायचा विचार नव्हता. वहिनींना नमस्कार सांग, गुडघा जप, आणि वाटेत स्पेनमध्ये गाडी थांबवून झोप काढ.

तुझा धाकटा,
बेलमीरो

ता. क. दादा, तू दहा तारखेला येतोच आहेस. वहिनी मागे म्हणाल्या होत्या की तू आता साधारण माझ्या पूर्वीच्या वजनाचा झाला आहेस. आपण एका आईचे, चेहरा एक, टोपी मी देईन. तू माझ्या जागी पारड्यात बसशील का? फादरना दिसणार नाही. संताला दिसेल, पण रक्त तेच आहे हेही त्याला दिसेलच.

ता. क. दुसरा. हे पाप वाटत असेल तर निदान तुझे लोखंडी टोकाचे कामाचे बूट घेऊन ये.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात. भाऊजी, देओलिंदाचा नमस्कार. हा दुपारी झोपतो तेव्हा पाकिटं मीच चिकटवते, आणि चिकटवण्याआधी वाचते. तर ऐका. गाठीचं डॉक्टरीणबाईंनी आधी मलाच सांगितलं होतं. मीच त्यांना म्हटलं की माझ्या माणसाला बाहेर नेऊन हळू सांगा, तो कणकेसारखा मऊ आहे. तो आत आला पांढराफटक, आणि म्हणाला खडे. मी म्हटलं, खडे तर खडे. सहा महिने मी त्याच्यासाठी खडेवाली बाई होऊन राहिले आहे. गाडीला काही झालेलं नाही. बॅटरीची तार माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे आणि लिस्बनच्या भागाचं निमित्त झेफेरीनोनं माझ्या सांगण्यावरून काढलं. त्या बिचाऱ्या गोळ्यांवर याचा इतका विश्वास की रोज दोनदा डोंगर चढतो ते त्याच्या लक्षातच येत नाही. पालमिरेकडचे बटाटे चरबीत नसतात, उकडलेले असतात, वर मीठ. बरणी मी दिली त्याच दिवशी तिनं कुत्र्यांना घातली. इवोने म्हणाली होती की गोळ्यांनी झाला तर थोडासा हातभार लागेल, बाकी पायांनी. नवसाचंही ठाऊक आहे. हा भट्टीशी उभा राहून संताशी मोठ्यानं बोलतो, पाव न्यायला आलेलं निम्मं गाव ऐकून जातं. म्हणून मीही मार्चमध्येच कबूल केलं, की याच्या अंगावरून जितके किलो उतरतील तितक्या किलोचे पाव मी माझ्या हातानं भाजून देईन. ती पाटी जत्रेला याच्या मांडीवर ठेवायची. हा एकशे नऊ, पाटी बारा. दांडा सरळ राहील. तोवर आणखी किलोभर उतरला तर मी किलोभर जास्त भाजेन. तुम्ही पारड्यात बसायचं नाही. ओदेतेनं मला फोनवर खरा आकडा सांगितला आहे, एकशे तेहतीस.

ता. क. चौथा, माझाच. दादा, तिनं हे मला वाचायला दिलं आणि कोबीला पाणी घालायला गेली. तार तिनं परत केली आहे. मी ती भट्टीजवळच्या खुंटीला टांगली. अठरा तारखेला सकाळी जोडीन, तिला तपासणीला न्यायला. तोवर पायीच. बूट आणू नकोस. फक्त सोळाला वेळेवर ये, बँड लागण्याआधी. दांडा स्थिर व्हायला जरा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ती पारड्यासमोर एकटी उभी असेल. तू तिच्या शेजारी उभा राहा. मी पाटी घेऊन वर बसलेला असेन, मला उतरता येणार नाही.