बाबांच्या झाडांची परीक्षा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात घातलाय, पोचला असं समज). तुझी कंबर आता कशी आहे? भावोजी पथ्य पाळतात की अजून डबे धुंडाळतात? आमच्याकडे सगळे खुशाल. फक्त जेवणाच्या टेबलावर जेवता येत नाही, कारण तिथे भुंगे राहायला आलेत.

घाबरू नकोस, आम्हीच आणलेत. बाबांनी घरामागे लावलेली कॉफीची चाळीस झाडं धाकट्याला काढून टाकायची आहेत. फळ पोखरणारा भुंगा त्या जुन्या जातीवरच तुटून पडतो आणि तिथून मळाभर पसरतो, म्हणून तिथे नवी जात लावायची, असं त्याचं म्हणणं. मी रडले, तो चिडला, आणि शेवटी त्याच्या लेकीने, आपल्या चिमीने (झुरळ दिसलं की कपाटावर चढायची तीच, आता कॉलेजात कीटकशास्त्र शिकवते) तोडगा काढला. जाळीखालच्या परातीत दोन्ही जातींची फळं ठेवायची, मधोमध भुंगे सोडायचे आणि कुठल्या फळांत किती शिरतात ते मोजायचं. दोन्हीकडे सारखेच गेले तर झाडं राहतील. फळं तोडून मांडायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर वळणदार, चिठ्ठ्या नीट लिहीन म्हणून.

आता यात चुकण्यासारखं काय होतं, सांग. पण टोपली घेऊन त्या झाडांत शिरले आणि मला बाबाच दिसायला लागले. शाळेचा गणवेश घालून आपण दोघी उभ्या असायचो आणि ते फांदी वाकवून लाल फळाचा गोड गर चोखायला द्यायचे. (तुझ्या पांढऱ्या कॉलरवर डाग पडला, सिस्टरनी विचारलं आणि तू माझं नाव सांगितलंस. मी विसरलेले नाही.) बाबांकडून कुणाला टोपली गेली तर तळापासून वरपर्यंत फळं निवडक असायची. त्यांचं नाव खाली जाऊ नये म्हणून मी एकेक टपोरं, लालबुंद फळ निवडलं, पदराने पुसून मांडलं. नव्या जातीची हाताला लागतील ती हिरवट-पिवळी तोडून आणली. दुसऱ्या दिवशी पाहते तर साठातले एकावन्न भुंगे बाबांच्या फळांत! मी जिन्यातूनच ओरडले, “चिमे, आपण जिंकलो गं!”

चिमीने कपाळाला हात लावला. “आत्या, जिंकलो कसले? ज्याच्यात जास्त भुंगे, ते झाड जाणार! आणि पिकलेल्यांसमोर कच्ची ठेवलीस? तू तरी कुठलं खाल्लं असतंस?”

“बाबांचंच,” मी म्हटलं. “झालं! परीक्षकच फितूर,” धाकटा आतून म्हणाला.

तरी चिमीने ती पोखरलेली फळं ठेवून घेतली, आत पिल्लं किती दिवसांत वाढतात ते बघायला. फळाला भोक मादीच पाडते, अंडी घालते. नराला उडताही येत नाही, तो जन्मलेल्या फळातच आयुष्य काढतो. (मी आरामखुर्चीकडे पाहिलं. ह्यांनी पेपर वर केला.) बाबांच्या फळांत तीस दिवसांत भुंगे तयार झाले, नव्यात चाळीस दिवस झाले तरी अळ्याच रेंगाळताहेत. बाबांच्या दारातून कुणी उपाशी गेलंय का गं कधी? पण चिमी म्हणते, फळंच सारखी नव्हती, तेव्हा यातलं काहीच धरता येणार नाही. म्हणजे माझ्या चुकीने परीक्षाच रद्द! इतकी गुणाची चूक माझ्या हातून आयुष्यात झाली नव्हती. तू आता धाकट्याला फोन करून दटाव, तुझं तो ऐकतो.

तुझी मधली

ता. क. वरचं लिहून आठवडा झाला, पत्र टाकायचं राहिलं. दरम्यान चिमीने स्वतः सारखी पिकलेली फळं निवडून पुन्हा मांडली. साठातले चव्वेचाळीस बाबांच्यात. आकडा सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. धाकट्याला दटावू नकोस. बिचारा दोन दिवस कुऱ्हाड घेऊन झाडांत नुसताच फिरत होता. शेवटी मीच म्हटलं, काढ रे.

ता. ता. क. गेल्या वर्षीच्या बियांची सहा रोपं मी गुपचूप वाढवलीत. तुझ्या गावात कॉफी नाही, त्यामुळे तुझ्या गच्चीचा भुंग्यांना पत्ता लागायचा नाही. फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात. तू एकाहत्तरची आहेस, हे मला कळवू नकोस. शुक्रवारी रोपं घेऊन येते आहे, कुंड्या भरून ठेव.