ऑईलच्या टोपणाचा बंदोबस्त

रविवार, २१ सप्टेंबर. पिरंगुट.
बाबा दसऱ्याला बार्शीहून येणार. त्यांची जुनी मोटरसायकल पाडव्यापासून माझ्याकडे ट्रायलवर आहे. नीट ठेवलेली दिसली तर कागद माझ्या नावावर, नाहीतर धाकट्या बहिणीच्या, किमयाच्या. गाडी देताना बाबांनी तासभर सूचना दिल्या होत्या. मी प्रत्येकीला हो म्हणालो. मॅच चालू होती, पण सारांश लक्षात आहे.
ऑईल बदलायचं ठरवलं. जुनं ऑईल खालून काढून टाकलं. निम्मं काम झालं.

सोमवार, २२
नवं ऑईल ओतायचं टोपण फिरत नाही. जोर लावला. तळहाताचं सालटं निघालं. मेधा म्हणाली, बाबांना फोन कर. यात इगोचा प्रश्न नाही. त्यांना या वयात त्रास कशाला? बायकोला हे कळत नाही.

बुधवार, २४
मोठी पक्कड लावली. सटकली. अंगठ्याचं नख काळंनिळं. टोपणाला लाथ घातली, ती इंजिनाला बसली. लंगडतोय.
मेधाने गॅरेजचं नाव काढलं. परक्याने टोपण उघडलं तर मी कागद कुठल्या तोंडाने घेऊ? आता हे पर्सनल आहे.

शुक्रवार, २६
वर्क फ्रॉम होम. मीटिंग ऐकता ऐकता हातोडा आणि छिन्नी. म्यूट करायला विसरलो. 'भडव्या, आज तुझा मुडदा पाडतो' हे मॅनेजर मनीषला उद्देशून नव्हतं, हे त्याला पटलेलं दिसत नाही. अप्रेजल मार्चमध्ये आहे, तोवर विसरेल.
टोपणाचे धरायचे दोन्ही कान तुटले. शत्रू जखमी आहे. कडेने काहीतरी राखाडी, दगडासारखं दिसतं. गंज असणार. जुन्या गाड्यांना येतो तसला.
घरमालकीण गोजराबाई येऊन म्हणाल्या, गाडी हाय का वैरी, सकाळधरनं नुसतं बदडताय. गावाकडच्या लोकांना मेंटेनन्सची सवय नसते.

सोमवार, २९. दुपार.
पाईपपाना, त्यावर लोखंडी नळी, नळीला मी लटकलो. टोपण हललं नाही. गाडी हलली. खुराड्यावर आडवी झाली. गोजराबाईंची एक कोंबडी गेली. त्या म्हणाल्या, घरात घट बसल्यात आन तुमी माझ्या दारात रगात सांडलं. मेधा तीनदा सॉरी म्हणाली. मी एकदाही नाही, कारण चूक टोपणाची होती.
नवरात्र असल्यामुळे कोंबडीचाही काही उपयोग झाला नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी.
हातोडा, छिन्नी, पाईपपाना पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. कुशाबांचा घणही मागून आणून ठेवला. ते गोजराबाईंचे यजमान. म्हणाले, आज हत्यारं पुजायची असत्यात, चालवायची न्हाईत. अंधश्रद्धा. पूजा आटोपली, घण उचलला.
संध्याकाळ.
जिंकलो. तिसऱ्या घावाला टोपण उडून गोठ्यात पडलं. सोबत इंजिनाच्या कव्हरचा तळहाताएवढा तुकडा आला. किरकोळ आहे. मेधा बघून आत गेली. आनंद सगळ्यांना दाखवता येत नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.
बाबा आणि किमया आले. बाबांच्या हातात झेंडूचा हार. हार हँडलला घालून ते फुटक्या कव्हरपाशी वाकले. मग म्हणाले, त्या टोपणाचे आटे गेले होते, म्हणून मीच ते एम-सील लावून कायमचं बंद केलं. ऑईल वरच्या टॅपेटच्या झाकणातून ओतायचं. तुला तीनदा सांगितलं, तू तीनदा हो म्हणालास. वरचं झाकण त्यांनी पान्याने सहज सैल करून दाखवलं.
मग खिशातला रुमाल काढून फुटक्या भोकाच्या कडा पुसत बसले. त्यापेक्षा माझ्या कानाखाली काढली असती तर बरं वाटलं असतं.

रात्री.
किमयाने उरवड्याहून टेम्पो बोलावला. हार घालूनच गाडी चढवली. कव्हर बदलून घेईन म्हणाली. कागद तिच्या नावावर. मी सोनं देऊन बाबांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, पानावर ते मोडकं टोपण ठेवलं, आणि म्हणाले, हे तुझ्या नावावर.