बाबांची गाठ

ती. आई,

इथूनच तुझ्या पाया पडतो. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

काम तेच. खाडीत पाहुण्यांच्या बोटी येतात. मुक्काम दोन दिवसांचा, सामान जन्मभराचं! ते दोर फेकतात, मी धक्क्याला बांधतो. साहेबांचं एकच म्हणणं, गाठ एका ओढीत सुटली पाहिजे.

परवा मात्र हातांनी आपोआप बाबांची गाठ मारली. सकाळी निघताना पाहुण्याला ती सुटेना. साहेबही घामाघूम झाले, मग माझ्यावर ओरडले. मी वाकलो आणि चुटकीसरशी सोडली. तेव्हा लक्षात आलं, ती सोडता येणारा आता मी एकटाच उरलो. बोट गेल्यावर तिथेच बसून रडलो. बाबा गेल्याचं तू फोनवर सांगितलंस, तेव्हाही रडू आलं नव्हतं.

बाबांच्या होडीला गिऱ्हाईक आलंय म्हणे. विका, मी आडवा येणार नाही. पण ती अजून त्यांनी बांधली तशीच आहे ना? दादाला म्हणावं, गाठीशी झटापट करू नको. दोर काप, आणि गाठ तेवढी आईच्या पेटीत ठेव.

मी आलो तरी ती सोडणार नाही.

तुझा धाकटा